स्पीकरखाली स्पाइक की स्प्रिंग?

वाड्याचा_माळा: स्पीकरखाली स्पाइक, म्हणजे टोकदार धातूचे पाय, लावले की बेस (खालचा घुमणारा आवाज) टाइट होतो असं जो तो सांगतो. माझं मत, लाकडी मजल्यावर स्पाइक म्हणजे आवाजाची पार वाट. आमच्याकडे जुन्या वाड्यात तुळयांवर फळ्या आहेत, तबल्याचा डग्गा घुमला की खुर्चीच्या पायातनं कळायचं आणि मांडणीवरच्या वाट्या किणकिणायच्या. स्पीकर फळीला जखडला की अख्खी जमीनच वाजणार ना राव. स्प्रिंगचे पाय लावले, वाट्या गप्प आणि डग्ग्याची मींड सुटी ऐकू यायला लागली. स्पाइक काढा सगळ्यांनी.

स्लॅबवाला: दादा, सगळ्यांनी कशाला? बहुतेकांच्या घरात आरसीसी स्लॅब आणि वर टाइल, त्याला २० किलोचा स्पीकर काय हलवणार! स्पाइकचं खरं काम स्पीकर डुगडुगू न देणं. गालिच्यावर उंच टॉवर स्पीकर बोट लावलं तरी झुलतो, स्पाइक गालिच्यातनं आरपार जाऊन फरशीवर टेकतो, लेव्हलपण करता येते. स्प्रिंगवर ठेवलात की परत झुलणार, कोनबरोबर (आवाज काढणारा हलता पडदा) कॅबिनेट म्हणजे स्पीकरचा खोका मागेपुढे, बारकावे गेले.

हर्ट्झराव: बारकावे जात नाहीत हो. कोन २० ग्रॅमचा धरा, कॅबिनेट २० किलोचं, म्हणजे कोन ५ मिमी सरकला तर कॅबिनेट ५ मायक्रॉन. बघायचं ते स्प्रिंग वजनाने किती दबते. १ मिमी दबली तर तिची स्वतःची फ्रिक्वेन्सी १६ हर्ट्झच्या आसपास आणि २२-२३ च्या वर कंपन अडायला लागतं, टॉवरचा बेस ४० ला सुरू होतो म्हणजे जमलं. पण कडक रबर ०.१ मिमीच दबलं तर ती जाते ५० ला, मग बेसमध्येच कंपन वाढणार. वजन न बघता कुठलेही पाय घेऊ नका.

स्लॅबवाला: गणित मान्य, पण स्प्रिंगने स्पीकर दोन-तीन सेंमी वर जातो, ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, कानाच्या रेषेतनं हलतो, लोक त्यालाच स्प्रिंगची कमाल म्हणतात. आणि खालच्या मजल्यावरच्यांना त्रास होणार नाही या भरवशावर तर मुळीच घेऊ नका, हवेतनं जाणारा बेस स्लॅब हलवतोच, तिथं व्हॉल्यूम कमी करणं हाच उपाय.

वाड्याचा_माळा: उंची सारखी करूनच ऐकलंय, स्पाइकखाली लादीचे तुकडे ठेवून. तरी वाट्या वाजल्याच. स्लॅबचं तुमचं तुम्ही ठरवा, लाकडावर मात्र स्प्रिंगच, यावर मी हटणार नाही.