जपानी-इटालियन रणगाड्यांना 'पत्र्याचे डबे' म्हणणं आता पुरे

नगरी बाणा

परवा पाहुण्यांना घेऊन नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलो होतो. तिथे दुसऱ्या महायुद्धातला जपानी हा-गो रणगाडा आहे. त्याच्यासमोर पोचलं की घोळक्यातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "हा रणगाडा? एवढुसा?" यावेळी मान आमच्या भाच्याला मिळाला. घरी येईपर्यंत त्याने फोनवर शोधून "जपानी आणि इटालियन रणगाडे म्हणजे विनोद" असा निकालही देऊन टाकला. तेव्हा हा धागा काढून माझंही मत मांडतो.

हा-गो साडेसात टनांचा, तोफ 37 मिमीची, चिलखत जास्तीत जास्त 12 मिमी, म्हणजे माझ्या करंगळीएवढं. पण हे यंत्र 1930च्या दशकाच्या मध्यावर तयार झालं, आणि ते मांचुरियासाठी, चीनसाठी. बोटीतून उतरवायचं, लाकडी पुलांवरून न्यायचं, आणि समोरच्याकडे रणगाडाविरोधी तोफ जवळपास नाहीच. मांचुरियातल्या ज्वारीच्या शेतांत सऱ्यांवरून जाताना तो होडीसारखा डुलायचा, म्हणून तिथल्या गाड्यांची चाकांची मांडणी वेगळी केली होती. ज्याने ज्वारीच्या रानातून ट्रॅक्टर आडवा घातलाय त्याला यामागची अक्कल कळेल. वर हवेने थंड होणारं डिझेल इंजिन. ना रेडिएटर, ना भडकणारं पेट्रोल.

इटलीचं तेच. 1940 साली त्यांच्या एम-13/40 रणगाड्यावर 47 मिमीची तोफ होती आणि तिला स्फोटक गोळा होता. त्याच वेळी ब्रिटिश रणगाड्यांच्या 40 मिमीच्या तोफेला फक्त चिलखतभेदी गोळा. समोर मशीनगन लपलेली असेल तर करायचं काय?

वाईट नव्हते हो. वेळेवर निवृत्त केले नाहीत, एवढंच.

खिळेमोळे

धागा छान, मत चूक.

रणगाडा कोणत्या साली काढला हे आत बसलेल्या माणसाला सांगून काय उपयोग? हा-गोच्या टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजात, एकच माणूस. बाहेर बघणार तोच, तोफ भरणार तोच, नेम धरणार तोच, उडवणार तोच, आणि खालच्या दोघांना हुकूम देणारही तोच. लग्नघरात एकच माणूस आचारी, वाढपी आणि यजमान असला तर पंगतीचं काय होईल ते सांगा.

आता बाक्रीची गोष्ट. मलाया, 18 जानेवारी 1942. ऑस्ट्रेलियन तोफवाल्यांनी रस्त्याकडेला दोन टू-पाउंडर रणगाडाविरोधी तोफा लावून ठेवल्या होत्या. हा-गो रांगेने आले. पहिले चिलखतभेदी गोळे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडले! चिलखत इतकं पातळ की गोळ्याला आपण काही भेदलं हेच कळेना. मग त्यांनी स्फोटक गोळे भरले. नऊच्या नऊ रणगाडे तिथेच संपले.

नगरी बाणा

बाक्रीच्या अकरा दिवस आधीची स्लिम नदी विसरलात का? 7 जानेवारी, पहाटेचा अंधार. शिमादा नावाच्या मेजरने तीसेक रणगाडे सरळ रस्त्याने सोडले. बहुतेक चि-हा (हा-गोचा थोरला भाऊ), थोडे हा-गो. समोर आपलीच माणसं, 11वी भारतीय डिव्हिजन: पंजाब, हैदराबाद, गुरखा पलटणी. रस्ता अडवला होता तिथे जपान्यांना जुन्या रस्त्याची सोडून दिलेली वळणं सापडली. त्यातून वळसा घालून ते अडथळ्याच्या मागे निघाले. गुरख्यांची एक पलटण रस्त्याने रांगेत चालली होती, तिच्या पाठीमागून रणगाडे आले. पूल उडवायच्या तारा वातानाबे नावाच्या अधिकाऱ्याने उतरून तलवारीने तोडल्या म्हणतात. सकाळपर्यंत दोन ब्रिगेडी मोडल्या आणि चारच दिवसांत क्वालालंपूर गेलं.

हे सगळं तुमच्या त्या 'डब्यां'नी केलं.

खिळेमोळे

अहो, वासरांत लंगडी गाय शहाणी! मलायात इंग्रजांचा एकही रणगाडा नव्हता. आपल्या पोरांपैकी कित्येकांनी तोवर रणगाडा डोळ्याने पाहिलेला नव्हता. हातात सुरुंग मोजके. स्लिमला जिंकला तो शिमादाचा निर्णय, रात्री रस्त्याने थेट घुसायचा. त्याचं श्रेय 25 मिमी चिलखताला देऊ नका. पुलापुढे दोन-तीन किलोमीटरवर तोफखान्याच्या एका फील्ड रेजिमेंटने साडेचार इंची हॉवित्झर तोफ रस्त्यात आडवी लावली, पुढचा रणगाडा फोडला, आणि अख्खी मिरवणूक थांबली.

आणि हे शहाणपण जपान्यांना आधीच यायला हवं होतं. जुलै 1939 मध्ये मंगोलियाच्या सीमेवर खाल्खिन गोलला रशियनांच्या 45 मिमी तोफांनी त्यांचे रणगाडे फोडले, पातळ तारांच्या वेटोळ्यांत ट्रॅक अडकले, आणि शेवटी रणगाडे लढाईतून मागे घ्यावे लागले. चि-हाला 47 मिमीची बरी तोफ रणांगणावर मिळाली कधी? 1942 मध्ये. तीन वर्षं काय करत होते?

फुकटचा सल्ला

तीन वर्षं विमानं आणि जहाजं बांधत होते. पोलाद तेवढंच, मागणारे तीन, आणि रणगाड्याचा नंबर शेवटचा. अमेरिकेने एकट्या शेर्मन रणगाड्याचे सुमारे 49,000 नग काढले. हा-गो सगळे मिळून 2,300च्या आसपास. बेटांवर लढायचं तर आधी विमान लागतं, यात जपान्यांचं काय चुकलं?

धागाकर्ते जपानी कंपनीत नोकरीला नाहीत ना, एवढा खुलासा मात्र व्हावा.

नगरी बाणा

नाही. सहकारी बँकेत आहे.

वाळवंटी उंट

जपान पुरे, जरा लिबियात या.

इटालियन रणगाड्यांची चेष्टा करणाऱ्यांनी 27 मे 1942चं पान वाचावं. गझालाची लढाई, बीर हकीमच्या आग्नेयेला आपली 3री इंडियन मोटर ब्रिगेड: 2री लान्सर्स, 11वी कॅव्हलरी, 18वी कॅव्हलरी. नुकत्याच येऊन पोचलेल्या, मोर्चे धड खणूनही झालेले नाहीत. सकाळी सकाळी इटलीच्या आरिएते डिव्हिजनचे एम-13 आणि एम-14 रणगाडे अंगावर आले. आपल्यांनी बरेच फोडले, पण बाकीचे चिरडत आत शिरले आणि ब्रिगेड तिथेच विस्कटली. 18व्या कॅव्हलरीबरोबर सर वॉल्टर कॉवन नावाचे सत्तरीचे निवृत्त ब्रिटिश ॲडमिरल हौसेने लढायला आले होते. ते रणगाड्यावर पिस्तूल झाडत असताना कैद झाले. (वय सत्तर. आपल्याकडे या वयात माणूस सोसायटीच्या मीटिंगलाही जायला कुरकुरतो.)

तरी मी खिळेमोळे यांच्याच बाजूचा. कारण इटालियन रणगाड्यांचं दुखणं खिळ्यामोळ्यांचंच होतं! पोलाद ठिसूळ, प्लेटा बोल्टने जोडलेल्या. फटका बसला की चिलखत तडकायचं. 125 अश्वशक्तीचं इंजिन, 14 टनांचं वजन, वर वाळू. सगळ्यात वाईट म्हणजे सुरुवातीच्या बहुतेक गाड्यांत रेडिओच नाही. फेब्रुवारी 1941 मध्ये बेदा फोमला इटालियनांकडे शंभराहून जास्त रणगाडे होते. ते छोट्या छोट्या टोळ्यांनी आले आणि तसेच मेले, कारण एकाला दुसऱ्याचं कळतच नव्हतं. झेंडे दाखवून वाळवंटात लढाई करता काय?

आणि हे गरिबीने झालं असं सांगू नका. फियाट आणि अन्साल्दो या जोडीची मक्तेदारी होती. एकच दुकान असलं की माल कसा मिळतो ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

साताऱ्याची स्वारी

माझे पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत, 3ऱ्या बटालियनमध्ये. 1941ला एरिट्रियात केरेनच्या डोंगरांत लढले. घरात त्यांचं एक पदक आणि बरंच मौन एवढंच शिल्लक आहे. आजोबा सांगायचे, की त्यांनी इटलीच्या छोट्या गाड्या पाहिल्या होत्या, टरेट नसलेल्या, दोन मशीनगनच्या, कमरेपेक्षा थोड्याच उंच. म्हणजे एल-3च. त्यांना ते 'पेटारा' म्हणायचे. पण भीती डोंगराची वाटायची, पेटाऱ्याची नाही.

याच एल-3 वर डिसेंबर 1935 मध्ये देंबेगिनाच्या खिंडीत इथिओपियाचे सैनिक अक्षरशः चढून बसले होते. आतल्यांना बाजूला बघता येत नव्हतं, मशीनगन फक्त पुढे. यावर नगरी बाणा काय म्हणतात?

नगरी बाणा

एल-3ची बाजू मी घेणार नाही. तो पेटाराच.

पण इटालियनांची एबी-41 ही चिलखती गाडी बघा. हिला ड्रायव्हर दोन, एक पुढे, एक मागे. शत्रू दिसला की वळायचं कामच नाही, मागचा ड्रायव्हर चाक धरतो आणि गाडी आली तशीच पळते. चारही चाकं फिरणारी. स्टेपनी दोन्ही कुशींना अशी टांगलेली की मोकळी फिरते, उंचवट्यावर गाडीचं पोट टेकलं तर तिच्यावरून घरंगळून निघते. टेहळणीच्या गाडीला याहून काय हवं? आणि सेमोव्हेंते 75/18 ही ट्रॅकवरची तोफ घ्या. त्याच रद्दी एम-13चं टरेट काढून 75 मिमीची तोफ बसवली, उंची 1.85 मीटर, जवळजवळ माणसाएवढी. हिच्या गोळ्याने ग्रँट-शेर्मन हे अमेरिकन रणगाडेसुद्धा फुटायचे. म्हणजे डोकं होतं. कारखाना नव्हता.

खिळेमोळे

डोकं होतं यावर सहमत. पण ते शेवटी वापरलं कुठे? नगरी बाणा, तुमच्यासाठी जपानचा ताकेइची निशी. 1932च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घोड्यावर सुवर्णपदक जिंकलेला सरदार घराण्यातला माणूस. 1944 मध्ये त्याची 26वी रणगाडा रेजिमेंट इवो जिमा बेटाकडे निघाली. वाटेत पाणबुडीने जहाज बुडवलं, 28 रणगाडे समुद्राच्या तळाशी. नवे आणले. मग घोडदळातल्या या गड्याने ते रणगाडे टरेटपर्यंत जमिनीत पुरले, कारण उघड्यावर शेर्मनसमोर ते पाच मिनिटं टिकले नसते.

गाडायचेच होते तर चाकं कशाला लावली?

नगरी बाणा

ट्रॅक. चाकं नाही, ट्रॅक म्हणतात. बाकीचं उद्या लिहितो, आमच्याकडे लाइट गेलीये.