पंचवीस हजारात परदेशातला ट्रेक होतो का? जळगावहून तिघं निघतोय

मेहरूणचा_भटक्या
नमस्कार मंडळी. मी जळगावला एमएस्सी करतोय, हॉस्टेलला राहतो, सोबत दोन मित्र आहेत, एक यावलचा आणि एक चोपड्याचा. तिघांच्या डोक्यात एकच भूत आहे की शिक्षण संपायच्या आत एकदा तरी भारताबाहेर जाऊन डोंगरात चालायचं. रील्स बघून बघून स्वित्झर्लंड फिक्स केलं होतं पण बजेट माणशी पंचवीस हजार, त्यातही चोपडेकर म्हणतो वीसच धर. अनुभव म्हणाल तर पाटणादेवीचा कन्हेरगड, तोरणमाळ आणि दिवाळीतली अस्तंब्याची यात्रा, बर्फ मात्र तिघांनीही फक्त फ्रीजमधला पाहिलाय. पासपोर्ट एकाकडेच आहे. सुट्टी एकतर दिवाळीत नाहीतर मे महिन्यात. कुठे जावं, किती दिवस लागतील, आणि एजंटशिवाय जमेल का? एका एजंटने फोनवर असं काही बोलणं केलं की जणू आम्ही एव्हरेस्टवरच चाललोय.

रावेरचा_केळीवाला
भो, पंचवीस हजारात स्वित्झर्लंडचं कॅलेंडर मिळेल भिंतीवर लावायला 😄 मस्करी जाऊ दे, पण हिशोब बघ ना, शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाची नुसती फी ९० युरो म्हणजे नऊ हजाराच्या आसपास, त्यावर किमान ३० हजार युरोचं कव्हर असलेला इन्शुरन्स, बँक स्टेटमेंट, मुंबईच्या चकरा आणि एवढं करून व्हिसा नाकारला तर फी परत नाही. विमानाचं तिकीट तर मी धरलंच नाही. नोकरी लागली की जा.

सातपुडा_ते_हिमालय
नेपाळला जा, डोळे झाकून. आणि खान्देशातल्या माणसाला नेपाळ किती सोपं आहे हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. भुसावळहून गोरखपूरला थेट गाडी आहे, कुशीनगर एक्स्प्रेस किंवा काशी एक्स्प्रेस, दोन्ही मुंबईच्या एलटीटीहून (लोकमान्य टिळक टर्मिनस) येतात. काशी बनारसकडून फिरून जाते म्हणून जास्त वेळ खाते, त्यापेक्षा कुशीनगर बरी. स्लीपरचं तिकीट हजाराच्या आत. गोरखपूर स्टेशनच्या बाहेरून सोनौलीची बस किंवा जीप, साधारण तीन तास, तिथे उतरायचं आणि पाठीवर सॅक घेऊन चक्क पायी बॉर्डर ओलांडायची. एक कमान, ट्रकांची ही लांब रांग, सायकल रिक्षावाल्यांची ओढाताण, कोणी ओळखपत्र मागितलं तर दाखवायचं आणि झालं, तुम्ही परदेशात! रिक्षावाल्याला भारतीय रुपयात ठरवायचं की नेपाळी ते आधी बोलून घे, नंतर वाद होतो. पलीकडे भैरहवाहून पोखराची बस. अंतर १८० किलोमीटर पण घाट आणि रस्त्याची कामं, त्यामुळे पूर्ण दिवस गेला असंच धर.

ट्रेक म्हणशील तर तुमच्यासाठी पोखराजवळच्या अन्नपूर्णा भागातला घोरेपानी-पूनहिल. पूनहिल ३,२१० मीटर, चार-पाच दिवसांत आरामात होतो, वाटेत दर एक-दोन तासाला गाव आणि टी हाउस म्हणजे राहण्या-जेवणाची साधी लॉजं, त्यामुळे तंबू, स्टोव्ह काही न्यायचं नाही. पोखराहून नयापूल, मग टिकेढुंगा, तिथून उलेरीपर्यंत दगडी पायऱ्या, तीन हजारावर आहेत, सरळ उभ्या, तिथे अस्तंबा चढलेल्या माणसाचाही जीव निघतो. हल्ली उलेरीपर्यंत जीप जाते पण जीपचे पैसे वाचव आणि पायऱ्या चढ, तसं केलं की शरीराला उंचीची सवय पण हळूहळू होते. दुसऱ्या मुक्कामाला घोरेपानी, पहाटे अंधारात टॉर्च लावून पूनहिल, आणि समोर धौलागिरी (८,१६७ मीटर), अन्नपूर्णा, माछापुच्छ्रे अशी अख्खी रांग. माछापुच्छ्रेवर चढायला परवानगीच नाही, पवित्र मानतात. उतरताना ताडापानी, घांद्रुक करत या.

पैशाचं खरं गणित वर गेल्यावर सुरू होतं. टी हाउसची खोली स्वस्तात देतात, पण अट अशी की रात्रीचं जेवण आणि नाश्ता त्यांच्याचकडे करायचा, आणि जसजसं वर जाल तसे रेट चढतात कारण सगळं खेचरावर नाहीतर माणसाच्या पाठीवर येतं. म्हणून दाल-भातच खा, नेपाळी पाचशे ते आठशेत मिळतो आणि भात, डाळ, भाजी पुन्हा पुन्हा वाढतात. पिझ्झा मागवलास की बजेट गेलं. गरम पाण्याची अंघोळ, मोबाइल चार्जिंग, वायफाय, वर सगळ्याचे वेगळे पैसे लागतात, तर पॉवर बँक न्या आणि अंघोळीची हौस पोखराला भागवा. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, रेट ठरलेला आहे. अन्नपूर्णा भागाचं परमिट सार्क देशवाल्यांना (भारत आणि आजूबाजूचे शेजारी देश) नेपाळी १,०००, म्हणजे आपले ६२५, बाकीच्या परदेशी लोकांना ३,०००. ते पोखरालाच काढा, आणि २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना गाइड घ्यायचा नियम आलाय, तर भारतीयांसाठी आत्ता काय चालू आहे ते त्याच खिडकीवर विचारा. गाइड लागला तरी एकच तिघांत वाटून घ्या, फार पडत नाही.

धुयाना_गडी
मी बी धुयाना शे भाऊ, जय खान्देश! वरच्या दादानी सगळं सांगितलं, फक्त कागदाचं सांगतो कारण तिथेच पोरं अडकतात. आधार कार्ड नेपाळला चालत नाही. पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड, तेही ओरिजिनल, झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो नाही. आधार फक्त १५ च्या खालच्या आणि ६५ च्या वरच्यांना चालतं. दोघांकडे मतदान कार्ड नसेल तर आजच अर्ज करा, यायला वेळ लागतो. दुसरं, शंभरच्या नोटा जास्त न्या, मोठ्या नोटा घ्यायला दुकानदार कुरकुर करतात. पोखरात यूपीआयचा क्यूआर २०२४ पासून चालतो पण वरच्या गावात कॅशच लागते आणि तिथे एटीएम नाही. सिम नेपाळचंच घ्या, रोमिंग चालू राहिलं तर बिल बघून चक्कर येईल.

अमळनेरकर_ताई
मी नर्स आहे म्हणून हे लिहिते. २,५०० मीटरच्या वर कोणालाही उंची लागू शकते, म्हणजे विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, जिममध्ये जाणाऱ्याला लागणार नाही असं काही नसतं. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण जात नाही असं झालं की त्या दिवशी वर जायचं नाही, आणि चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं. ग्रुपमध्ये पोरं लाजेने सांगत नाहीत, ते करू नका रे. गोळ्या मित्राच्या सांगण्यावरून घ्यायच्या नाहीत, डॉक्टरला विचारून. आणि इन्शुरन्स घेताना किती मीटर उंचीपर्यंत कव्हर आहे ते वाचा, पैसे वाचवायला दुसऱ्या शंभर जागा आहेत. बूट नवे घेतले तर इथे महिनाभर वापरून मग न्या.

चाळीसगाव_एक्स्प्रेस
मी जरा उलटं बोलतो. पहिल्यांदा बर्फाच्या डोंगराकडे जाताय तर संदकफू करा की, ३,६३६ मीटर, म्हणजे पूनहिलपेक्षा उंच, आणि वरून एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से, मकालू चारही दिसतात. बंगालमध्ये आहे पण वाट नेपाळमधून आत-बाहेर होते, तुमलिंगचा मुक्काम चक्क नेपाळात. परदेश पण झाला आणि आपला देश पण.

सातपुडा_ते_हिमालय
संदकफू सुंदर आहे, वाद नाही. पण तिथे लँड रोव्हर वरपर्यंत जाते आणि मी गेलो तेव्हा धुरळा खात चाललो. आणि पोरांना बॉर्डर ओलांडल्याचं फीलिंग पाहिजे, तुमलिंगला ते येत नाही.

मेहरूणचा_भटक्या
बाप रे, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं. नेपाळ फायनल. मतदान कार्डाचं वाचून यावलवाल्याचा चेहरा पडलाय, आधार घेऊनच निघणार होता तो. आता दिवाळी की मे?

सातपुडा_ते_हिमालय
मे मध्ये दुपारनंतर ढग येतात, धुरकट असतं, डोंगर दिसतीलच असं नाही, आणि जून लागला की पाऊस आणि जळवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरला आकाश धुतल्यासारखं असतं. फक्त एक, दिवाळी आणि छठच्या आधी मुंबईकडून गोरखपूरला जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते आणि छठ झाली की तीच गर्दी परतीच्या गाडीत. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठला तिघं तीन मोबाइल घेऊन बसा, जाण्याचं आणि येण्याचं दोन्ही. येतानाचं तिकीट ट्रेकच्या शेवटच्या दिवसाला चिकटून काढू नकोस, घाटात बस अडकली तर गाडी सुटेल.

रावेरचा_केळीवाला
गाडीत खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ने, केळीचे वेफर्स माझ्याकडून. स्लीपिंग बॅग आणि जाड जॅकेट विकत घेऊ नको, पोखराला लेकसाइडला भाड्याने मिळतं. तिघांचा खर्च लिहायला एकच वही कर आणि ती चोपड्याच्या पोराकडे दे, वीस म्हणणारा तोच आहे ना?

मेहरूणचा_भटक्या
हो तोच 😂 वही आत्ताच त्याच्याकडे दिली, पहिली एंट्री त्याने केली पण: "चहा, तीन, पैसे मेहरूणवाल्याने द्यायचे."