लिव्हरसाठी काढा द्यायचा का?

मोठे काका: हे वाचा सगळ्यांनी. भुईआवळा आणि गुळवेलीच्या अर्कात अँटीऑक्सिडंट असतात, दारूने खराब झालेलं लिव्हर वाचतं, संशोधनात सिद्ध झालंय म्हणे. धाकट्याला उद्यापासून सुरू करूया का?

ताई: काका थांबा, लगेच नका देऊ. संशोधन आहे पण बरंचसं उंदरांवरचं. दारूचं लिव्हरमध्ये अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, ते विषारीच, शिवाय रोज पिणाऱ्यांत एक एन्झाइम वाढतं त्यातून फ्री रॅडिकल्स म्हणजे पेशींना इजा करणारे कण निघतात (अँटीऑक्सिडंट यांनाच थोपवतात) आणि ग्लुटाथायोन म्हणजे लिव्हरचं स्वतःचं संरक्षण तेही कमी पडतं. अशा उंदरांना अर्क दिला की एसजीपीटी एसजीओटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स, उतरतात, हे खरंय. पण तिथे अर्क बऱ्याचदा दारूच्या आधीपासून किंवा सोबतच देतात. धाकटे काका इतकी वर्षं पितायत, त्यांचं कसं तसं होईल?

दादा: पण सिलिमरिन, ते मिल्क थिसल नावाच्या झाडाचं औषध, ते तर डॉक्टरच लिहून देतात की

ताई: देतात, आणि माणसांवर सगळ्यात जास्त तपासलेलं तेच आहे. १९८९ च्या ट्रायलमध्ये दारूच्या सिरॉसिसवाले, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत चाललेले पेशंट जास्त जगले असं दिसलं, मग १९९८ मध्ये २०० पेशंटना रोज ४५० मिग्रॅ देऊन पाहिलं तर जगण्यात काहीच फरक नाही. मी तरी त्याच्या भरवशावर कुणाला पिऊ देणार नाही.

मामी: झाडपाल्याचंच आहे ना गं, अपाय तर नाही होणार?

ताई: होऊ शकतो मामी. गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आलेल्या पेशंटच्या केसेस २०२१ मध्ये छापून आल्यात, अश्वगंधा आणि हळदीच्या कॅप्सूलनेही झालंय काहींना. आधीच दुखावलेल्या लिव्हरवर प्रयोग नको ना.

मोठे काका: मग करायचं काय? मी सांगतो त्याला आजपासून पूर्ण बंद कर म्हणून

ताई: बंद करणं हाच खरा उपाय, नुसती फॅटी लिव्हर असेल तर काही आठवड्यांत उतरायला लागते. पण काका असं घरच्या घरी एकदम नका बंद करायला लावू!! रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली की फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावरही बेततं. सकाळी हात थरथरतात का त्यांचे?

मामी: हो गं, चहाचा कपसुद्धा हिंदकळतो

ताई: मग आधी डॉक्टर. ते बघून औषधं देतील, बी१ व्हिटॅमिन पण देतील, गरज पडली तर अ‍ॅडमिट करतील. आणि कुठला काढा चालू असेल तर तोही सांगा त्यांना, लपवू नका.

मोठे काका: बरं. काढा नाही देत. उद्या सकाळची वेळ घेतो, दादा तू चल सोबत, माझं एकट्याचं ऐकायचा नाही तो

दादा: येतो काका