साताऱ्याला ‘द’ नाही, मग कृष्णेला का?

प्रश्न (सातारा–कास रस्त्यावरील घरगुती निवासाचे चालक)

नमस्कार. पावसाळ्याच्या अखेरीस कासची फुले पाहण्यासाठी बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्या पाहुण्यांसाठी आम्ही आमच्या निवासाचे इंग्रजी माहितीपत्रक तयार करीत आहोत. मजकूर जवळजवळ पूर्ण झाला आहे, परंतु ‘द’ कोठे लिहावा आणि कोठे वगळावा यावर घरात एकमत होत नाही. पुतणीचे म्हणणे असे की विशेषनामापूर्वी ‘द’ येतच नाही, कारण शाळेत तिला तसेच शिकवले आहे; इंग्रजी वर्तमानपत्रांत मात्र ‘द कृष्णा’ आणि ‘द कोयना डॅम’ असे सर्रास छापलेले दिसते. आमच्या पत्रकात सातारा, महाबळेश्वर, अजिंक्यतारा, वेण्णा नदी, वेण्णा तलाव, सह्याद्री आणि कास पठार ही सारी नावे आहेत. शिवाय ‘अ रूम’ आणि ‘द रूम’ यांतील निवड कोणत्या तत्त्वावर करावी, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (निवृत्त इंग्रजी शिक्षक, कराड)

आपल्या पुतणीचा नियम खोटा नाही, पण अर्धा आहे. माणसे, गावे, एकेकटी शिखरे आणि तलाव यांच्या नावांपूर्वी ‘द’ येत नाही. नद्या, समुद्र आणि पर्वतरांगा यांच्यापूर्वी येतो. त्यामुळे सातारा आणि महाबळेश्वर ही नावे जशीच्या तशी ठेवावीत, आणि ‘द कृष्णा’, ‘द सह्याद्रीज’ असे लिहावे. आपल्या यादीतील वेण्णा तर वर्गात फळ्यावर लिहावी अशी आहे: महाबळेश्वरचा तलाव ‘वेण्णा लेक’, परंतु संगम माहुलीला कृष्णेस मिळणारी नदी ‘द वेण्णा’. एकाच नावाला दोन न्याय का, याचा तर्क शोधत बसू नये, कारण हा निव्वळ रूढीचा भाग आहे.

‘द डेक्कन प्लॅटो’प्रमाणे ‘द कास प्लॅटो’ लिहावे, आणि धरणापूर्वीही ‘द’ योग्यच आहे. ‘अजिंक्यतारा फोर्ट’ला तो नको, दिल्लीच्या ‘द रेड फोर्ट’ला हवा, कारण तेथे साधे विशेषण आणि साधे नाम मिळून विशेषनाम बनले आहे. विद्यापीठांचेही असेच आहे: ‘शिवाजी युनिव्हर्सिटी’ला काही लागत नाही, परंतु ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’ म्हणताना ‘ऑफ’ आला की नावाआधी ‘द’ बसतोच.

उत्तर २ (अनुवादक, सांगली)

सरांनी नावांचा उलगडा केलाच आहे, म्हणून मी ‘अ’ आणि ‘द’ यांच्या निवडीविषयी लिहितो. मराठीत असे उपपद नाही हे खरे असले, तरी त्यामागचा भेद आपण रोज पाळतो. ‘मालक गडी शोधताहेत’ याचा अर्थ कामाला कोणीही चालेल, आणि ‘मालक गड्याला शोधताहेत’ याचा अर्थ ठरलेला गडी आज आलेला नाही. पहिल्या ठिकाणी इंग्रजीत ‘अ’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘द’ येईल. ‘प्रथम उल्लेखाला अ, दुसऱ्याला द’ हा गाइडांतला नियम मला अपुरा वाटतो. खरा प्रश्न एवढाच की आपण कोणत्या वस्तूविषयी बोलत आहोत, हे वाचणाऱ्याला ओळखता येते की नाही.

आपल्याच खोलीचे पाहा. ‘वुई हॅव अ रूम फेसिंग द व्हॅली’ या वाक्यात खोली वाचकाला नवी आहे, म्हणून ‘अ’. दरीचा उल्लेखही पहिलाच आहे, तरी घरासमोर दरी एकच असल्याने ‘द’. पुढच्या वाक्यात ‘द रूम हॅज अ बाल्कनी’ म्हणावे, कारण प्रत्येक खोलीला बाल्कनी असतेच असे नाही. मात्र दाराविषयी लिहिताना थेट ‘द डोअर’ चालते, कारण खोली म्हटली की दार आलेच.

जी वस्तू मोजता येत नाही, तिला ‘अ’ सहसा लागत नाही. आमच्या सांगलीत हळदीचे सौदे होतात, परंतु ‘अ टर्मेरिक’ असे लिहिता येत नाही. सर्वसाधारण हळदीला नुसते ‘टर्मेरिक’, आणि काल मार्केट यार्डात आलेल्या विशिष्ट हळदीला ‘द टर्मेरिक’. ‘अॅडव्हाइस’ आणि ‘इन्फर्मेशन’ या शब्दांनाही ‘अ’ किंवा ‘अॅन’ जोडलेले पत्रकांत वारंवार दिसते, ते टाळावे.

उत्तर ३ (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, सातारा)

‘अ’ आणि ‘अॅन’ यांच्याबाबत एक भर घालतो. येथे स्पेलिंग पाहू नये, उच्चार पाहावा, आणि आपली देवनागरी त्या कामी फार उपयोगी पडते. शब्द मराठीत लिहून पाहावा. आरंभी स्वर आला तर ‘अॅन’, व्यंजन आले तर ‘अ’. ‘अवर’ (तास) आणि ‘ऑनेस्ट’ स्वराने सुरू होतात, तर ‘युनिव्हर्सिटी’ ‘य’ने आणि ‘वन’ ‘व’ने. म्हणूनच ‘अॅन एमपीएससी कँडिडेट’ पण ‘अ यूपीएससी कँडिडेट’. पत्रकात प्रवासाची माहिती देणार असाल तर ‘अ बस’ लिहावे, परंतु लाल गाडीचा उल्लेख ‘अॅन एस.टी. बस’ असा करावा.

प्रश्नकर्ते

सर्वांचा आभारी आहे. नावांचा वाद मिटला. आता दोनच जागा उरल्या आहेत: ‘वुई सर्व्ह ब्रेकफास्ट’ यात काही हवे का, आणि बसथांब्यापासून चालत लागणारा अर्धा तास कसा लिहावा?

उत्तर ४ (अनुवादक, सांगली)

नुसत्या न्याहरीला काही नको. तिचे वर्णन करणार असाल तर ‘अ सिंपल ब्रेकफास्ट’ म्हणावे लागेल, कारण विशेषण लागले की ती अनेक प्रकारच्या न्याहऱ्यांपैकी एक ठरते. अर्धा तास ‘हाफ अॅन अवर’ असाच लिहावा. ‘अ हाफ अवर’ हा प्रयोग मुख्यतः अमेरिकी वळणाचा आहे, आणि शाळांतून शिकलेल्या आपल्याकडील बहुतेक पाहुण्यांना पहिलाच परिचयाचा असेल.