सेकंड हँड एअर रायफल: कोणता छर्रा तिला मानवतो, हे नीट कसं तपासायचं?

गिरणाकाठ (भडगाव)

नमस्कार मंडळी. ४.५ मिमीची, नळी मोडून (सांध्यात खाली वाकवून) भरायची स्प्रिंगवाली रायफल सेकंड हँड घेतली आहे. दुर्बीण नाही, नेम धरायच्या साध्या साइट. अंतर १० मीटर, पुढचा दस्ता टेबलावरच्या वाळूच्या पिशवीवर टेकवलेला. छर्रे चार प्रकारचे: देशी चपट्या डोक्याचे ७ ग्रेन (ग्रेन हे वजनाचं माप), बाहेरचे चपटे ८.२ ग्रेन, जेएसबी कंपनीचे एक्झॅक्ट गोल डोक्याचे ८.४४ ग्रेन आणि एक टोकदार. प्रत्येकाचे पाच-पाच मारले. पहिल्या दिवशी गोल डोक्याचे ११ मिमीत बसले, दुसऱ्या दिवशी तेच २८ मिमीत. देशी चपट्यांचं नेमकं उलटं, आधी ३० आणि मग १४. टोकदार दोन्ही वेळा वाईट. आता मोठा डबा कोणता मागवू? नळी धुवावी का? आणि छर्रे वजन करून निवडले तर फरक पडतो का?

सातपुडा_नेम

भाऊ, तुम्ही छर्रे तपासत नाही आहात, रायफल तपासत आहात. एकाच डब्याचा निकाल एका दिवसात ११ वरून २८ वर जातो तेव्हा डबा बाजूला ठेवायचा आणि आधी रायफल घट्ट करायची.

दस्त्याच्या स्क्रूपासून सुरुवात करा. पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक, आणि ट्रिगर गार्डपाशी एक किंवा दोन. स्प्रिंगच्या धक्क्याने हे हमखास सैल होतात. मापाचा पेचकस घ्या, हाताला लागेल इतके आवळा, लाकूड चिरडेल इतके नको. दर ५०-६० छर्‍यांनी परत बघा. मागच्या साइटचं पान हलतं का तेही बोटाने तपासा. जुन्या गनमध्ये त्या पानाखालची पट्टी ढिली झालेली असते आणि माणूस उगाच छर्‍याला शिव्या देत बसतो.

दुसरं, वाळूची पिशवी. स्प्रिंगची रायफल छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच मागे आणि मग पुढे उसळते. कडक टेकूवर ती दर वेळी वेगळी उसळी घेते. पिशवीवर गोधडीची चार पदरी घडी टाका, त्यावर डावा तळवा उघडा ठेवा आणि रायफल तळव्यावर नुसती टेकवा, मुठीत धरू नका. तळवा दर वेळी एकाच जागी यायला हवा. दस्त्यावर चिकटपट्टीची खूण करा. खांद्याला हलकं टेकवायचं, गालाचा भार दर वेळी तेवढाच. हात दोन इंच मागेपुढे झाला तरी मार सरकतो. तुमच्या ११ आणि २८ मधला मोठा वाटा इथलाच असणार.

रिकामी मात्र कधीही मारू नका. समोर छर्रा नसला की हवेची गादी बनत नाही, पिस्टन थेट जाऊन आदळतो आणि वॉशर-स्प्रिंग दोन्ही जातात.

लेथवाला_भुसावळ

वरच्या यादीत नळीचं तोंड राहिलं. कापसाची कान-काडी घ्या आणि तोंडाच्या आतल्या कडेवरून गोल फिरवा. एखाद्या जागी तंतू अडकले तर तिथे बर (धातूची वर आलेली बारीक कड) किंवा टवका आहे. छर्‍याचा घेर, म्हणजे मागची पोकळ कड, सुटताना हवा त्या बाजूने आधी निसटते आणि छर्रा तिरका ढकलला जातो. अशा नळीत कुठलाही डबा चांगला निघणार नाही. टवका बारीक असेल तर पितळी गोल डोक्याचा स्क्रू हातड्रिलला लावून, त्याला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून, सावकाश, हात गोल फिरवत घासला की कड सारखी होते. आधी नळीत चिंधीचा बोळा घाला म्हणजे पेस्ट आत जाणार नाही, आणि काम झाल्यावर तो पुढूनच बाहेर काढा. मोठा टवका असेल तर लेथवर तोंड कापून घ्यावं लागेल.

नळीचा सांधाही बघा. दस्ता धरून नळी डावी-उजवी हलवा. मिलिमीटरभर जरी खेळ असला तरी सांध्याचा बोल्ट आवळायला हवा. चाचणी अशी: नळी पूर्ण मोडून स्प्रिंग चढवल्यावर ती ज्या कोनात सोडाल तिथेच थांबली पाहिजे, स्वतःच्या वजनाने खाली पडता कामा नये. हे करताना एक हात नळीवर घट्ट, ट्रिगरजवळ कोणाचंही बोट नाही. ट्रिगर सुटला तर नळी झपकन वर येते, तुमचं बोट कापू शकते आणि नळीही वाकवते.

यावरून आठवलं, सेकंड हँड गनमध्ये हा रोग फार. कोणीतरी उघड्या नळीत ट्रिगर दाबलेला असतो, नळी वरच्या बाजूला वाकलेली असते. मागची साइट अगदी खाली आणूनही मार वरच जात असेल तर तोच संशय घ्या.

दहा_मीटर (जळगाव)

रायफल घट्ट झाली असं धरून पुढे. पाच छर्‍यांच्या एका गोळीवरून, म्हणजे कार्डावरच्या भोकांच्या एका गटावरून, निर्णय घेऊ नका. तीच रायफल, तोच डबा, तोच माणूस असताना पाच-पाचच्या गोळ्या १० मिमी आणि लगेच १८ मिमी आल्या तर त्यात नवल काहीच नाही, तो नुसता योगायोगाचा खेळ आहे. तीन छर्‍यांची गोळी तर करूच नका. हेही लक्षात ठेवा की दहा छर्‍यांची गोळी पाचच्या गोळीपेक्षा सरासरीने साधारण पाव भागाने मोठीच येते, म्हणून कोणाच्या पाचशी आपले दहा ताडून बघू नयेत.

माझी पद्धत: एका कार्डावर दहा. प्रकार बदलला की आधी आठ-दहा छर्रे दुसऱ्या कागदावर वाया घालवायचे, कारण प्रत्येकाचं शिसं आणि वरचं तेल वेगळं असतं आणि आधीच्याचा थर नळीत राहतो. चार प्रकार म्हणजे एका बैठकीला ७० ते ८० छर्रे. अशा तीन बैठका करा आणि क्रम दर वेळी बदला, नाहीतर शेवटच्या डब्याला कायम थकलेला हात मिळतो.

मोजणी: सर्वात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा व्हर्नियरने मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा, ते झालं मध्य ते मध्य अंतर. चपटे छर्रे कागद पंचसारखा स्वच्छ कापतात, गोल आणि टोकदार फाडतात. म्हणून पातळ वहीचा कागद नको. लग्नपत्रिकेच्या जाडीचं कार्ड घ्या, मागे पुठ्ठा ठेवा. भरकटलेला छर्रा मोजायचाच. 'माझाच हात हलला' हे छर्रा लागायच्या आधी तोंडाने म्हटलं असेल तरच तो वगळायचा.

तीन गोळ्यांची सरासरी काढा. दोन प्रकारांतला फरक पाव भागाहून कमी असेल तर बरोबरी समजा आणि स्वस्त घ्या. अंदाज यावा म्हणून सांगतो, आंतरराष्ट्रीय १० मीटर टार्गेटमध्ये ९ गुणांचं वर्तुळ ५.५ मिमीचं आणि ८ चं १०.५ मिमीचं असतं. साध्या स्प्रिंगच्या गनला दहा छर्रे १५ मिमीत मिळाले तर तक्रार करायला जागा नाही.

टोकदार मात्र आत्ताच यादीतून काढा. ते टोक नेमकं मध्यावर ओतलेलं क्वचितच असतं. १० मीटरला चपटे किंवा गोल.

गिरणाकाठ (भडगाव)

धन्यवाद दादा. माझ्या गोळ्या आडव्यापेक्षा उभ्या जास्त लांब आहेत, याचा अर्थ छर्‍यांचं वजन कमी-जास्त आहे असं होतं का? सराफाकडे मिलिग्रॅमचा काटा आहे, तो मिळू शकतो.

दहा_मीटर (जळगाव)

जळगावसारख्या सुवर्णनगरीत काट्यांना तोटा नाही, पण इथे उपयोग नाही. हिशोब करा. १ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. ८ ग्रेनच्या छर्‍यात ०.१ ग्रेनचा फरक म्हणजे वजनात सव्वा टक्का. ऊर्जा तेवढीच धरली तर वेग पाऊण टक्क्याहूनही कमी बदलतो. २०० मीटर प्रतिसेकंद वेगाने छर्रा १० मीटरला सुमारे १२ मिमी खाली येतो, आणि त्या फरकाने पडतो जेमतेम ०.१५ मिमी. कागदावर दिसणारही नाही. अगदी वेग २०० चा १८० झाला तरी फरक ३ मिमीच. म्हणजे तुमची १५-२० मिमीची उभी रेघ वजनाची नाही. ती धरण्याची आहे, नाहीतर नळीत तेल पेटतंय.

काट्याऐवजी काच घ्या. टेबलाची काच किंचित उतरती करून छर्रे घरंगळवा. ज्याचा घेर चेपला आहे तो लंगडत वेगळ्या वाटेने जातो, तो बाजूला काढा. आणि डब्यावरचा डोक्याचा व्यास वाचा: ४.५०, ४.५१, ४.५२. एकाच नावाचा छर्रा या मापांत मिळतो आणि नळीला कोणतं माप पटतं यावर वजनापेक्षा कितीतरी जास्त अवलंबून असतं. छर्रा भरताना अंगठ्याला किंचित विरोध जाणवून तो बसायला हवा. आपोआप आत घसरत असेल तर मोठं माप, जोर लावावा लागत असेल तर लहान. घेर नळीच्या तोंडाशी सपाट बसवा. बाहेर राहिला तर नळी बंद होताना चेपतो.

सातपुडा_नेम

तेलाबद्दल. विकण्याआधी गन 'चमकवायची' म्हणून लोक आत तेल ओततात. छर्रा सुटताना धूर, जळका वास आणि मोठा आवाज आला की तेच. कॉम्प्रेशनच्या उष्णतेने तेल पेटतं, वेग वाढतो आणि मार वर-खाली होतो. धूर थांबेपर्यंत २०-३० छर्रे मारून टाका, त्याआधीचं काहीही मोजू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असताना तेल पातळ होऊन पुढे येतं, म्हणून सकाळी सातच्या आत उरका किंवा रिकाम्या जिनिंगच्या शेडमध्ये बसा. गन उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून लगेच चाचणी नको.

नळी साफ करायची असेल तर मासेमारीचा जाड नायलॉन दोरा दुहेरी करून, त्यात सुती चिंधी अडकवून मागून पुढे ओढा, चिंधी बऱ्यापैकी स्वच्छ येईपर्यंत. लोखंडी सळई तोंडाकडून घालू नका, वर लेथवाल्या भाऊंनी सांगितलेली कड त्यानेच जाते. सफाईनंतर १५-२० छर्रे तरी मार इकडे-तिकडे जाईल, तेव्हा सफाई चाचणीच्या आधी एकदाच, मध्ये नाही.

छर्रे थांबवायला टायर किंवा उघडी फळी वापरू नका, शिसं उलटं येतं. जुनी पेटी, मागे उतरता पत्रा, पुढे चिंध्या ठासून. डोळ्यांवर चष्मा, नंतर साबणाने हात.

वखार_चौक

एक आठवण सर्वांना. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंतची आणि २० जूलपर्यंत ऊर्जेची एअर गन परवान्याशिवाय चालते, ५.५ मिमीची नाही. सेकंड हँड घेताना नळीवरचं माप वाचून घ्या. आणि शेतात पोपट, होल्यांवर चाचणी हा विषय इथे नको, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे.

गिरणाकाठ (भडगाव)

स्क्रू दोन सैल निघाले, कान-काडी कुठे अडकली नाही. पण सांध्याजवळ टिश्यू पेपरची पट्टी धरून छर्रा मारला की पट्टी जोरात फडफडते. हे बदलायलाच हवं का?

लेथवाला_भुसावळ

हो, तिथून हवा गळते. दर वेळी सारखी गळत नाही, म्हणून वेगही सारखा राहत नाही. नळीच्या मागच्या तोंडाभोवतीचा सील आहे तो. सुईने अलगद उचलून काढा. रबर कडक किंवा चिरलेलं नसेल तर खाली ०.१ ते ०.२ मिमीची कागदी रिंग कापून घाला आणि सील परत बसवा. तो नळीच्या सपाटीपासून अगदी किंचित, ०.३ मिमीच्या आसपास, वर दिसला पाहिजे. जास्त वर आला तर नळी बंद करताना अडेल आणि सांधा ढिला होईल. चिरलेला असेल तर जाडी व्हर्नियरने मोजून हायड्रॉलिकच्या दुकानातून त्या मापाची ओ-रिंग आणा. चामड्याचा असेल तर एक थेंब तेल लावून रात्रभर मुरू द्या, मग टिश्यू पुन्हा धरून बघा. पट्टी शांत राहिली की दहा_मीटरवाल्यांची पहिली बैठक सुरू करा, आधीची कार्डं मोजू नका.