मदत हवी आहे: महाराजांच्या सांगण्यावरून मुलाला शिक्षा करत आलो, घरातलं हे आता थांबवायचं कसं?

नमस्कार. मी बेळगावात वडगाव भागात राहते, माहेर निपाणीकडचं. हा धागा दोनदा लिहून पुसलाय, त्यामुळे विस्कळीत वाटला तर सांभाळून घ्या. महाराज कोण, मठ कुठला, हे कृपया विचारू नका. मला कुणाची बदनामी करायची नाही. मला माझ्या लेकराचं बघायचं आहे.

मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत. रात्री अंथरूण ओलं करतो. आठवड्यातून चार-पाच वेळा तरी होतंच. लहानपणापासून कधी सलग महिनाभर कोरडा गेलाय असं झालं नाही. दिवसा काही त्रास नाही.

घर एकत्र आहे. सासरे (त्यांना आम्ही मामाच म्हणतो), सासूबाई, आम्ही दोघं, मुलगा आणि धाकटी मुलगी. खाली चार यंत्रमाग, वर राहायला. आमच्याकडे महाराजांचा शब्द का चालतो ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. नवरा पूर्वी प्यायचा. शनिवारी हातात आलेले पैसे रविवारी संपलेले असायचे. एकदा तर मी दोन्ही मुलांना घेऊन माहेरी निघून गेले होते. मग मामा त्याला दर्शनाला घेऊन गेले, महाराजांनी माळ घातली, आणि खरंच सुटली. चार वर्षं झाली, एक थेंब नाही. ते उपकार मी विसरणार नाही. पण तेव्हापासून घरात सगळंच तिकडे विचारायची पद्धत पडली. नवा माग घ्यावा का, नणंदेला आलेलं स्थळ कसं आहे, मुलीचे कान कधी टोचायचे. रविवारी प्रवचन झालं की सेवेकरी चिठ्ठ्या गोळा करतात, एकेक वाचून दाखवतात आणि महाराज उत्तर देतात.

मुलाची चिठ्ठी मीच लिहिली होती. कुणी जबरदस्ती केली नव्हती. उत्तर यायला अर्धं मिनिटही लागलं नाही. वय विचारलं नाही, डॉक्टरला दाखवलंत का विचारलं नाही. लाडाने आळस चढलाय म्हणाले. दिवेलागणीनंतर पाणी बंद. ओलं केलं तर छडी, आणि ओली गोधडी त्यानेच सगळ्यांदेखत बाहेर वाळत घालायची, म्हणजे लाज वाटून सुटेल. आईने मध्ये पडायचं नाही. वर ते संस्कृत वचनही सांगितलं, पाच वर्षं लाड, पुढची दहा वर्षं ताडन, सोळाव्या वर्षी मित्र. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

तीन महिने हे चाललं. छडी देवघराजवळच्या खुंटीला. पहिल्या आठवड्यात मारलं ते मीच. नवऱ्याचा हात जड आहे, माझ्या हातून हलकं बसेल असं मी स्वतःला समजावत होते. सकाळी पोरगं गोधडी उचलून गल्लीकडच्या कठड्यावर टाकायचं. समोरची मुलं शाळेला निघालेली असायची, ती वर बघायची. मग तो ओला भाग आत जाईल अशी घडी घालून टाकायला लागला. तशी ती वाळायची नाही, वास यायचा, आणि त्यावरून परत बोलणी. ओलं करणं एका रात्रीनेही कमी झालं नाही.

गेल्या महिन्यात एका रात्री देवघरात खुडबुड ऐकू आली. मला मांजर वाटलं. बघते तर देवापुढचा तांब्या दोन्ही हातांनी धरून तो घटाघट पाणी पीत होता, गळ्यावरून ओघळ बनियनपर्यंत गेलेले. मला बघितलं, तांब्या होता तिथे ठेवला, खुंटीवरची छडी आपणहून काढली आणि माझ्यापुढे धरली. रडला नाही, काही बोलला नाही.

मी छडी घेतली नाही. पण तोवर मामा उठले होते. देवाचं पाणी उष्टं केलं म्हणून सकाळी नवऱ्याने मारलं. पोटरीवरचा वळ आठ दिवस होता.

आता तो झोपतच नाही. परवा पहाटे तीनला उठले तर अंथरुणात नाही. जिन्यात खालच्या पायरीवर बसलेला, गुडघ्यावर हनुवटी. म्हटलं, काय करूलालास रे हितं? म्हणाला, "झोपलो की होतंय. म्हणून बसलोय."

मला हे आज थांबवायचं आहे. नवरा म्हणतो, ज्यांनी मला माणसात आणलं त्यांचं ऐकायचं नाही का? याला काय उत्तर देऊ? मामांच्या दृष्टीने हा गुरूचा शब्द मोडणं आहे. हा आजार आहे का, आणि दाखवायचं कुणाला? कुठे तक्रार केली तर मुलांना माझ्यापासून नेतील का, हीही भीती आहे. शिवाय मला कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, सरकारी कचेरीतला कागद हातात आला की मी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघते. कृपया समजेल असं सांगा.

*

प्रतिसाद: बालविभागात काम केलेली नर्स

ताई, आधी पाणी सुरू करा, आजपासून. तहानलेल्या मुलाला पाणी नाही हे कुठल्याच उपचारात बसत नाही. दिवसभर भरपूर प्यायला द्यायचं, झोपायच्या आधीचा तास-दीड तास थोडं कमी, आणि झोपताना लघवीला पाठवायचं. एवढंच.

आळसाचा इथे काही संबंध नाही. हे झोपेत होतं, मुलाला कळतसुद्धा नाही. पाच वर्षांच्या साधारण १०० मुलांत १५ जणांना हा त्रास असतो आणि दरवर्षी त्यातल्या काहींचा आपोआप जातो. कुणाची झोप फार गाढ असते, कुणाच्या शरीरात रात्रीची लघवी कमी करणारं संप्रेरक उशिरा तयार व्हायला लागतं. घराण्यातूनही येतं. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी असेल तर मुलाला असण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास. तुमच्याकडे कुणाला होतं का, सासूबाईंना विचारून बघा.

अजून एक विचारते. शौचाला रोज जातो का? कडक होतं का? मोठं आतडं भरलेलं राहिलं की मूत्राशयाला जागा उरत नाही, आणि रात्री त्याचा परिणाम दिसतो. पाणी तोडल्यावर मलावरोध वाढतो. म्हणजे ज्या उपायाने थांबायचं म्हणताय त्यानेच ते वाढत असेल.

बालरोगतज्ज्ञांकडे न्या, सिव्हिलमध्येही दाखवता येईल. लघवीची साधी तपासणी करतील. सारखी तहान, वजन उतरणं, लघवीला जळजळ, रात्री जोरात घोरणं, यातलं काही असेल तर आवर्जून सांगा. मोठ्या मुलांसाठी ओलं होताच वाजणारा अलार्म मिळतो, गरज पडली तर गोळ्याही असतात, पण त्या डॉक्टरांनीच द्यायच्या. रात्रभर जागं राहणं आणि स्वतः छडी पुढे करणं हेही त्यांना सांगा, लपवू नका. ते पुढे राहिलं तर धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय आहे, तिथे मुलांचं मनही बघतात. बसने दीड-दोन तास. त्याआधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा नंबर १४४१६, फुकट आहे, भाषा निवडता येते.

*

प्रतिसाद: शिक्षक, खानापूर तालुका

तक्रारीबद्दल लिहितो. १०९८ हा मुलांसाठीचा चोवीस तास चालणारा मोफत नंबर आहे. आईने मदत मागितली म्हणून मुलं उचलून नेतात असं नसतं. मूल घरातच सुरक्षित कसं राहील हे आधी बघतात. बालन्याय कायदा, २०१५, कलम ७५ प्रमाणे ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने क्रूरपणे वागवणं हा गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही. हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिलं. घरात हे कलम पहिल्याच दिवशी पुढे करू नका, माणसं दारं लावून घेतात. पण परत वळ उठेल इतकं मारलं तर फोन करायला मागेपुढे बघू नका, मग कुणाला काय वाटायचं ते वाटू दे.

आणि गोधडी गल्लीकडून आजच आत घ्या. वर्गात असं एक मूल माझ्याकडे होतं. त्याला मार विसरता आला, पोरांनी ठेवलेलं नाव विसरता आलं नाही.

*

प्रतिसाद: मूळ गाव चिकोडी, सध्या पुणे

सगळे लगेच महाराजांवर घसरतात म्हणून लिहितोय. आम्हीपण मार खाल्लाय, कुणी बिघडलं नाही. एका चुकीवरून संतमाणसावर बोट उचलू नये.

*

धागाकर्ती

दादा, मी बोट उचललेलं नाही. नवऱ्याची दारू सोडवली हे मी स्वतःहून वर लिहिलंय. पण दारू सोडवणं वेगळं आणि न बघितलेल्या मुलाचं दुखणं चिठ्ठीवरून ओळखणं वेगळं. माझी चूक तिथे झाली. मी त्याची आई, रोज त्याच्याजवळ झोपते. तो घाबरतोय हे मला पहिल्या दिवशी दिसलं होतं, आणि जे दिसलं ते मी खोटं मानलं.

*

प्रतिसाद: माळकरी, निपाणी

सूनबाई, मी पस्तीस वर्षं माळ घालतो, दरवर्षी वारी करतो, म्हणून तुझ्या सासऱ्यांच्या बाजूने विचार करून सांगतो. त्यांना "महाराज चुकले" हे शब्द सहन होणार नाहीत. ते तू म्हणूच नको. माळ घालताना काय वचन घेतलं होतं ते विचार. एकादशी, हरिपाठ, मांसमदिरा नाही, परस्त्री मातेसमान, खोटं बोलायचं नाही. त्यात पोराला तहानलेलं ठेवायचं वचन कुणी घेतलेलं नाही. माळ जशीच्या तशी राहते, पाणी दिलं म्हणून ती तुटत नाही.

आणि देवाचं पाणी उष्टं झालं म्हणतात, तर नामदेवांच्या हातचा नैवेद्य देवाने खाल्ला ही गोष्ट ते स्वतः कीर्तनात ऐकून रडले असतील. आठ वर्षांचं पोर रात्री तहानेने देवाकडे गेलं, दुसरीकडे कुठे गेलं नाही. हे त्यांना एकांतात सांग. सगळ्यांपुढे सांगितलंस तर मानापमान मध्ये येईल. आणि डॉक्टरकडे नवऱ्याला बरोबर ने. तू एकटी जाऊन आलीस तर ते तुझं मत ठरेल.

*

धागाकर्ती, बारा दिवसांनी

सगळ्यांचे आभार. प्रत्येकाला वेगळं लिहिता आलं नाही.

नर्सताईंनी सांगितलं म्हणून सासूबाईंना भाकरी थापता थापता विचारलं. आधी गप्प राहिल्या. मग तव्यावरून नजर न उचलता म्हणाल्या, "ह्येचा बा धा वर्साचा होईस्तवर भिजवायचा. आमी कुणाला सांगितलं न्हाई. गोदडी मागच्या परसात घालायचो." नवरा दारातच उभा होता. तो काही न बोलता खाली मागावर गेला. रात्री जेवताना त्याने विचारलं, डॉक्टरची वेळ किती वाजता घ्यायची?

तो बरोबर आला. लघवीची तपासणी व्यवस्थित आली. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि मुलालाच विचारलं, शौचाला कधी गेला होतास? तीन दिवस झाले होते. शाळेतलं संडास घाण असतं म्हणून तो तिकडे जात नाही आणि घरी घाईत राहून जातं, हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. आधी पोट साफ व्हायचं औषध, पाणी, वेळेवर लघवी, आणि कोरड्या रात्रींची वहीत नोंद. एक महिन्याने परत बोलावलंय. मारू नका असं ते नवऱ्याकडे बघून म्हणाले. मग मुलाला म्हणाले, तुझी यात काहीच चूक नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, हे खरं आहे का म्हणून. मी मान हलवली. तो डॉक्टरांकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघत होता, याचं मला अजून बरं आणि वाईट दोन्ही वाटतं.

घरी आल्यावर मी त्याची माफी मागितली. मी मारलं ते चुकलं, असं साध्या शब्दांत. तो "हं" म्हणाला आणि खेळायला गेला.

खुंटीवरची छडी नवऱ्याने काढली, कुठे टाकली ते मी विचारलं नाही. माळकरी काकांनी सांगितलेलं मी मामांना एकांतात सांगितलं, नामदेवांचं आणि तांब्याचं. ते बराच वेळ जपमाळ धरून बसले. पटलं असं म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून पूजा झाल्यावर तांब्यातलं पाणी ते स्वतः फुलपात्रात ओतून नातवाला देतात. रविवारी दर्शनाला ते आणि नवरा गेले होते, जावोत, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. मुलांबद्दलची चिठ्ठी मात्र आता जाणार नाही, हे मी दोघांना सांगितलंय.

बारा रात्रींत तीन कोरड्या गेल्या. गोधडी मीच परसात वाळत घालते.

एक मात्र अजून तसंच आहे. काल संध्याकाळी सात वाजता खेळून आला, घामाने भिजलेला. माठाजवळ जाऊन उभा राहिला आणि मला विचारलं, "पिऊ?" रोज विचारतो. मी रोज म्हणते, तुझंच घर आहे, विचारायचं नाही. तरी विचारतो. हे कसं जाईल, कुणाला अनुभव असेल तर लिहा.