मदत हवी आहे: एक्सआर (औषध हळूहळू सोडणारी) गोळी पहिल्या तासातच निम्म्याहून जास्त औषध सोडते

तासगावकर:
लवकर सांगा कुणीतरी. एम.फार्म.चा प्रोजेक्ट आहे, गुरुवारी गाइडना ग्राफ दाखवायचाय. गोळी दहा तास चालायला हवी, पण पहिल्या तासालाच 58 टक्के रिलीज होतंय आणि तीन तासांत सगळं संपतं. एचपीएमसी (पाण्यात जेल होऊन औषध धरून ठेवणारा पॉलिमर) घातलंय तरी असं. हार्डनेस (गोळीचा कडकपणा) वाढवला, काडीचा फरक नाही. काय बदलू?

कराडचा_फार्मासिस्ट:
औषध कोणतं, डोस किती? एचपीएमसीची ग्रेड आणि टक्के? फिलर (गोळीचं वजन भरायची पावडर)? यातलं काहीच लिहिलेलं नाही. अंदाजाने काय सांगणार?

तासगावकर:
मधुमेहाचं मेटफॉर्मिन हो, 500 मिग्रॅ. एचपीएमसी के4एम ग्रेडचं, 100 मिग्रॅ, बाकी फिलर लॅक्टोज, कण चिकटवायला पीव्हीपी, साच्याला चिकटू नये म्हणून मॅग स्टिअरेट. गोळी एकूण 720 मिग्रॅची.

प्लांटवाला:
मग ग्रेडच बदला. के4एम म्हणजे दोन टक्के द्रावणाची चिकटाई 4000 सेंटिपॉईजच्या आसपास, के100एमची एक लाखाच्या. आमच्याकडे सगळे एक्सआर के100एमवर.

कराडचा_फार्मासिस्ट:
नुसत्या ग्रेडने काम होणार नाही. 100 भागिले 720 म्हणजे पॉलिमर जेमतेम 14 टक्के, आणि मेटफॉर्मिन पाण्यात साखरेसारखं विरघळतं. एवढ्याशा पॉलिमरचा सलग जेल बनतच नाही. आधी तो 30 टक्क्यांच्या पुढे न्या, मग ग्रेडचं बोलू. के15एमच्या वर ग्रेड नेऊन रिलीजमध्ये फारसा फरक पडत नाही.

प्लांटवाला:
पडतो. कागदावरचं आणि मशीनवरचं वेगळं असतं.

मिरजेची_ताई:
माझ्या वडिलांना हीच एक्सआर गोळी चालू आहे. शौचात अख्खी गोळी दिसते. म्हणजे औषध लागूच पडत नाही का? आणि मोठी आहे म्हणून कधीकधी ते मोडून घेतात.

कराडचा_फार्मासिस्ट:
ताई, ते बहुतेक नुसतं टरफल असतं, औषध आतून निघून गेलेलं असतं. पण मोडून किंवा चावून मुळीच घेऊ देऊ नका. दिवसभराचं औषध एकदम सुटतं. गिळायला जमत नसेल तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतील.

चिंचोका_संशोधक:
चिंचोक्याचा गोंद वापरून बघा! जेल झकास होतो, आपल्याकडे मुबलक आणि स्वस्त.

प्लांटवाला:
प्रत्येक लॉटची चिकटाई वेगळी येते. गुरुवारपर्यंत तो कुठे प्रमाणित करणार?

चिंचोका_संशोधक:
प्रोजेक्ट नवीन दिसायला नको का? सगळे एचपीएमसीच करतात.

कराडचा_फार्मासिस्ट:
वेगळा धागा काढा त्यासाठी. @तासगावकर, डिसोल्यूशन (गोळी द्रावणात ठेवून औषध किती सुटतं ते मोजायची चाचणी) चालू असताना गोळी कशी दिसते?

तासगावकर:
पॅडल फिरायला लागलं की दहाएक मिनिटांत कडेचे पापुद्रे सुटतात. वरून बुळबुळीत व्हायच्या आत पांढरे कण तळाशी पडतात. बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) 6.8 पीएच, 1000 मिली.

कराडचा_फार्मासिस्ट:
हेच आधी सांगायला हवं होतं. जेल धरायच्या आत गोळी फुटतेय. पॉलिमर कमी आहे हे एक. दुसरं, एचपीएमसीचे कण जाड असतील तर ते सावकाश भिजतात, तोवर पाणी आत घुसतं. बारीक चाळणीतून काढून घ्या. तिसरं लॅक्टोज. ते विरघळून बाहेर पडलं की भोकं राहतात, त्यातून मेटफॉर्मिन पळतं. त्याजागी डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) घाला, ते विरघळत नाही. पॉलिमर भरपूर असेल तर फिलरने एवढं बिघडत नाही, तुमच्याकडे तो कमी आहे म्हणून जास्त जाणवतंय. हार्डनेसच्या मागे लागू नका, एचपीएमसीत त्याचा परिणाम थोडाच.
नवीन गोळी तासभर बफरमध्ये ठेवून ब्लेडने आडवी कापा. मध्ये कोरडा गाभा आणि भोवती सलग पारदर्शक कडं दिसलं तर गाडी रुळावर आहे.

तासगावकर:
30 टक्के करायचं तर गोळी साधारण 890 मिग्रॅपर्यंत जाते. कॉलेजात गोलच पंच (गोळी दाबायचा साचा) आहे, एवढी जाड गोळी दाबली जाईल का?

प्लांटवाला:
लांबट पंच लागेल. कॉलेजात नसेल तर जवळच्या एखाद्या युनिटमध्ये विचारा. मॅग स्टिअरेट शेवटी घाला, थोडा वेळच फिरवा, जास्त फिरवलं की गोळी मऊ पडते.

तासगावकर:
बरं. के4एमच ठेवून टक्के वाढवतो, लॅक्टोज काढतो. के100एम मागवायला वेळ नाही. पण चाळणी कितीची घेऊ?